घरातलं क्लीनर गाडीला चालेल का? नाशिकच्या गाडीमालकांचे वारंवार येणारे प्रश्न

पाऊस उघडला आणि दसरा जवळ आला की माझ्याकडे हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. गाड्यांचं पॉलिश हे माझं रोजचं काम. खराब झालेलं बोनेट समोर आलं की मी आधी विचारतो, घरातलं काय लावलं होतं? बरेचदा उत्तर ओट्याखालच्या बाटलीपाशीच जातं. ती बाटली वाईट नसते, तिची जागा चुकलेली असते. म्हणून ही उत्तरं एकत्र लिहिली आहेत. एकाच गोष्टीचा दोनदा काथ्याकूट नको, म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऑल पर्पज क्लीनर म्हणजे नेमकं काय? भांड्यांचं लिक्विडही त्यातच येतं का?

नाही. ऑल पर्पज म्हणजे ओटा, टाइल्स, शेगडी, फ्रीज यांवरचा तेलकटपणा काढणारं क्लीनर. त्यात मळ सोडवणारा फेसाचा घटक असतो, बहुतेक वेळा जोडीला अल्क (अ‍ॅसिडच्या उलट गुणाचं, चुन्या-सोड्यासारखं) असतं आणि काहींत सॉल्व्हंट, म्हणजे तेलकट-चिकट डाग विरघळवणारा द्रवही असतो. भांड्यांचं लिक्विड रोज हाताला लागणार हे धरून बनवतात, त्यामुळे ते बरंच सौम्य असतं. फरशीचं जंतुनाशक वेगळं. टॉयलेट क्लीनर तर पूर्ण वेगळं, त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं आणि गाडीच्या कुठल्याही भागावर त्याचं काम नाही. घरातल्या सगळ्या बाटल्या 'साबणच की' म्हणून एका रांगेत उभ्या करू नका.

२. रंगावर एकदा मारलं तर लगेच खराब होतो का?

लगेच नाही. गाडीच्या रंगावर पारदर्शक थर असतो, त्याला क्लियर कोट म्हणतात. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ असतो. त्यावर मेण किंवा पॉलिश असेल तर कडक क्लीनर आधी ते उतरवतं. पाणी मोत्यासारखं घरंगळायचं थांबून सपाट पसरू लागलं की मेण गेलं असं समजा.

खरं नुकसान होतं ते क्लीनर वाळल्यावर. पाणी उडून जातं आणि अल्क जागेवरच घट्ट होत बसतं. कामाला लागलो त्या पहिल्या वर्षी मी मे महिन्याच्या दुपारी एका काळ्या गाडीच्या बोनेटवर शेगडीचं क्लीनर फवारलं आणि फडकं आणायला आत गेलो. परत येईपर्यंत ओघळ वाळले होते. धुतल्यावरही ते राखाडी रेघांसारखे दिसत राहिले आणि शेवटी मशीनने पॉलिश करूनच गेले. पॉलिश म्हणजे त्याच पातळ थरातला थोडा भाग घासून काढणं. तो परत येत नाही.

३. बाटलीवर पीएच, म्हणजे अल्क की अ‍ॅसिड ते सांगणारा आकडा, लिहिलेला नसतो. क्लीनर कडक आहे हे घरी कसं ओळखायचं?

हळदीने. पांढऱ्या शर्टावर वरण सांडलं आणि साबण लावला की डाग लाल होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. हळदीला चुना लावून कुंकू करतात तेही याच गुणावर. अल्क लागलं की हळद पिवळीची तांबडी होते.

चमचाभर पाण्यात अर्धा चमचा हळद कालवा, पांढऱ्या कागदावर पातळ फासा आणि वाळू द्या. त्याच्या पट्ट्या कापा. पहिल्या पट्टीवर नुसत्या पाण्याचा थेंब टाका, म्हणजे तुलनेला आधार मिळेल. दुसरीवर क्लीनरचा थेंब. पट्टी पिवळीच राहिली तर अल्क नाही. तांबूस झाली तर सौम्य अल्क. विटेसारखी गडद झाली तर ते क्लीनर रंगापासून लांब ठेवा. चांगला कार शाम्पू पट्टी पिवळीच ठेवतो.

पण या पट्टीला अ‍ॅसिड कळत नाही, त्याने हळद पिवळीच राहते. म्हणून पट्टी पिवळी राहिली तर क्लीनरच्या वेगळ्या थेंबावर खायच्या सोड्याची चिमूट टाका. फसफसलं तर अ‍ॅसिड आहे. सॉल्व्हंट मात्र दोन्हीतून कळत नाही. लिंबा-संत्र्याचा किंवा पाइनचा उग्र वास येत असेल तर प्लास्टिक आणि रबरावर वापरायच्या आधी दाराच्या आतल्या कडेला करून पाहा.

४. पाणी किती घालायचं?

बाटलीवर प्रमाण दिलं असेल तर तेच. नसेल तर मी आतल्या प्लास्टिकसाठी १ भाग क्लीनर, २० भाग पाणी घेतो. दाराच्या चौकटी, पेट्रोलच्या झाकणाची आतली बाजू अशा तेलकट जागी १ ला १०. टायर आणि मडगार्डच्या आत १ ला ५. १ ला २० म्हणजे १ लिटर पाण्यात ५० मिली, औषधाच्या बाटलीवरच्या टोपणाने मोजता येतं. पाणी आधी भरा, क्लीनर मागून टाका, नाहीतर बाटलीभर फेसच होतो. पातळ केलेल्या मिश्रणाची हळदीची पट्टी पुन्हा करा. ती अजूनही विटकरी होत असेल तर ते मिश्रण टायरपुरतं ठेवा.

५. दर रविवारी भांड्यांच्या लिक्विडने गाडी धुतो. थांबवू का?

थांबवा, पण घाबरू नका. रंग जळत नाही. मेण मात्र दर रविवारी थोडं थोडं उतरतं आणि मग नाशिकचं ऊन थेट क्लियर कोटवर पडतं. नवीन मेण लावायच्या आधी जुनं काढायचं असेल तेव्हा हेच लिक्विड कामाला येतं, बादलीभर पाण्यात २ चमचे. बाकी आठवड्यांना कार शाम्पू. एका बादलीला टोपणभर पुरतो, बाटली महिनोन्‌महिने जाते.

६. कपड्यांची पावडर किंवा धुण्याचा सोडा?

नको. दोन्ही अल्क आहेत, शिवाय न विरघळलेले कण फडक्याखाली रेतीचं काम करतात.

७. दादा, धुण्याचा नेमका क्रम सांगा. आमचा पोरगा थेट फडकंच फिरवतो.

क्लीनर निवडण्याइतकाच क्रम महत्त्वाचा. गाडीवर जे ओरखड्यांचं जाळं उन्हात दिसतं, ते क्लीनरने नाही, कोरड्या धुळीवर फडकं फिरवल्याने पडतं.

सकाळी लवकर किंवा सावलीत उभी करा. बोनेटवर तळहात टेकवा, चटका बसत असेल तर थांबा. आधी टायर आणि चाकं, कारण सगळ्यात जास्त घाण तिथे असते आणि तिथलं शिंतडलेलं पाणी मग बॉडीसोबत धुऊन निघतं. त्यांचा ब्रश वेगळा. मग नुसत्या पाण्याने टपापासून खाली सगळा चिखल वाहू द्या. त्र्यंबकहून पावसात आलेल्या गाडीला याच पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या, हात लावायची घाई नको. त्यानंतर दोन बादल्या: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचं फडकं शाम्पूत बुडवा, एक पत्रा पुसा, साध्या पाण्यात विसळा, पिळा, पुन्हा शाम्पूत. तळाशी बसलेली रेती पाहिली की दुसरी बादली का, हे पोराला सांगावं लागणार नाही.

टप, काचा, बोनेट, दारांचा वरचा भाग आणि शेवटी खालचा, असं या. एक बाजू झाली की लगेच खळखळून धुवा. फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद.

८. हे पाणी जाणार कुठे? नदीकाठी धुतली तर सोपं नाही का?

नदीकाठी कृपा करून धुऊ नका. फेसाबरोबर ऑइल, डांबर आणि ब्रेकची काळी भुकटी थेट गोदावरीत जाते. सोसायटीच्या रस्त्याकडेच्या पावसाळी गटारांचंही तसंच, ती शेवटी नंदिनीसारख्या नाल्यांतून गोदेलाच मिळतात. क्लीनरचं काम मातीवर करू नका, सांडपाण्याच्या गटाराला जोडलेल्या फरशीवर करा. नुसत्या पाण्याचा पहिला चिखल बागेच्या मातीत गेला तर हरकत नाही. पाइप सोडून बादलीवर आलात तर उन्हाळ्यात गंगापूर धरणाची पातळी खाली गेल्यावरही मनाला टोचणी लागणार नाही.

९. बोअरच्या पाण्याने धुतल्यावर पांढरे ठिपके राहतात. क्लीनरने घासू का?

ठिपके कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचे आहेत. अल्क असलेल्या क्लीनरने ते हलत नाहीत, घासून फक्त चरे पडतील. ताजे असतील तर साधं व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या, फडकं भिजवून ठिपक्यावर मिनिटभर ठेवा, पुसा आणि भरपूर पाण्याने धुवा. महिनोन्‌महिने उन्हात भाजलेले ठिपके क्लियर कोटमध्ये रुतलेले असतात, ते पॉलिशवाल्याकडेच न्या.

खरा उपाय म्हणजे पाणी वाळू न देणं. शेवटची बादली नळाच्या पाण्याची किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याची वापरा आणि लगेच टिपून घ्या. आणखी एक: बोअरच्या जड पाण्यात अंगाचा साबण फाटतो आणि पांढरा चिकट साका होतो. 'साबण तर सगळ्यात सौम्य' म्हणून तो वापरणाऱ्यांची काच याच साक्याने धुरकट दिसते.

१०. आमचं घर पिंपळगावकडे. द्राक्षबागेच्या फवारणीचे निळसर डाग गाडीवर बसतात. काय करावं?

ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी, निफाड, पिंपळगाव या पट्ट्यातून हा प्रश्न येतोच. ब्लोअरचा फवारा वाऱ्याने रस्त्यापर्यंत येतो. निळसर डाग बहुधा बोर्डो मिश्रणाचे, म्हणजे मोरचूद आणि चुना. केवडा या द्राक्षाच्या रोगावर ते मारतात. डाग वाळला की वरचा चुना घट्ट धरून बसतो. इथेच ऑल पर्पज क्लीनर फसतं: डागात आधीच अल्क आहे, त्यावर तुम्ही आणखी अल्क ओतता. ओल्या डागावर हळदीची पट्टी टेकवून पाहा, तांबडी झाली तर खात्री पटेल.

आधी हातमोजे घाला, कारण फवाऱ्यात दुसरं औषधही असू शकतं. मुलांना धुवायला लावू नका. भरपूर पाणी ओता, घासू नका. मग प्रश्न ९ मधलं व्हिनेगरचं पाणी लावा, सौम्य आंबटाने चुनाही सुटतो आणि तांब्याचा निळा साकाही. पुन्हा पाणी, मग शाम्पू. वायपरच्या खालची जाळी धुवायला विसरू नका, एसीची हवा तिथूनच आत येते. फवारणी चालू दिसली तर गाडी पुढे न्या, काचा वर घ्या आणि एसी आतल्या हवेवर ठेवा.

गंधकाच्या पिवळट भुकटीला मात्र व्हिनेगर लागत नाही. ती विरघळणारी नाही, पाण्याच्या धारेनेच उडवा.

११. दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू पांढऱ्या बोनेटवर बसलं. साबण लावला तर डाग आणखी लाल झाला!

प्रश्न ३ वाचलात तर कारण कळेल, तुमच्या हळदीने साबणातलं अल्क दाखवलं. घाबरू नका, भरपूर पाणी ओता, लाली उतरून डाग पुन्हा पिवळा होईल. मग कार शाम्पूने हलक्या हाताने धुवा. जो फिका पिवळेपणा उरेल त्यावर काही लावू नका, गाडी दोन-तीन दिवस उन्हात लावा. हळदीचा रंग उन्हात उडतो, वाळत घातलेल्या पातळावरचा डाग उडतो तसाच.

बाजारातल्या गुलाबी कुंकवात बरेचदा कृत्रिम रंग असतो, तो इतका दयाळू नाही. ओलं व्हायच्या आत कोरड्या मऊ ब्रशने झटकून काढा. पुढच्या दसऱ्याला स्वस्तिक बोनेटवर थेट न काढता नागवेलीच्या पानावर काढून ते पान ठेवा. पूजेत काही उणं राहत नाही.

१२. रस्त्याच्या कामांमुळे डांबराचे ठिपके उडतात. रॉकेल चालेल?

२०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत शहरात रस्त्यांची कामं वाढली, तसा हा प्रश्नही वाढला. रॉकेल, पेट्रोल, थिनर नको: आगीचा धोका आहे आणि रंगाची चमक जाते. खोबरेल तेलाचा बोळा ठिपक्यावर १० मिनिटं ठेवा. डांबर मऊ झालं की फडक्याने उचलून घ्या, पसरवू नका. उरलेल्या तेलासाठी भांड्यांचं लिक्विड, तेवढ्याच जागेवर. तिथलं मेणही गेलेलं असतं, म्हणून नंतर थोडं मेण लावा.

१३. काच, फिल्म आणि हेडलाइट यांना एकच काचेचं क्लीनर?

साध्या काचेला चालतं. आतून फिल्म असेल तर अमोनियाचं क्लीनर टाळा, फिल्म ढगाळते आणि कडेने सुटते. हेडलाइट काचेचा नसतो, पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचा असतो. अमोनिया किंवा सॉल्व्हंटने त्याला बारीक तडे जातात. त्याला शाम्पूच पुरे. टूथपेस्टने पिवळेपणा जातो असं दाखवतात. जातो, कारण ती वरचा थर घासून काढते. उन्हापासून वाचवणारा थर त्याबरोबरच जातो आणि काही महिन्यांत हेडलाइट आधीपेक्षा पिवळा दिसतो.

१४. अलॉय व्हील आणि टायर?

टायरला १ ला ५ चालतं, घासा आणि धुवा. अलॉय हे अ‍ॅल्युमिनियमचं असतं, त्याला कडक अल्कही नको आणि अ‍ॅसिडही नको. लॅकर (वरचा पारदर्शक थर) कुठे उडालेलं असेल तर तिथे डाग कायमचा पडतो. चाक गरम असताना पाणीही मारू नका, घाट उतरून आलात तर अर्धा तास थांबा. ब्रेकच्या डिस्कवर क्लीनर फवारू नका. टायर चमकवायचं काही लावत असाल तर बाजूलाच लावा, रस्त्याला टेकणाऱ्या भागावर अजिबात नाही.

१५. डॅशबोर्ड, स्टिअरिंग, स्क्रीन?

नियम एकच: क्लीनर फडक्यावर, गाडीवर नाही. थेट फवारलेले थेंब बटणांच्या फटीत जातात. १ ला २० चं मिश्रण, मग नुसत्या ओल्या फडक्याने पुन्हा पुसणं. ही दुसरी पुसणी लोक गाळतात आणि मग डॅशबोर्ड चिकट होऊन धूळ धरतो. स्टिअरिंग आणि पेडल यांना चमक आणणारं काही लावू नका, हात-पाय घसरतात. स्क्रीनला फक्त किंचित ओलं मायक्रोफायबर. लेदरला ऑल पर्पज नकोच, सॅनिटायझरही नको. रेक्झिनला १ ला २० चालतं. काम झाल्यावर चारही दारं उघडी ठेवा, बंद गाडीत उन्हाने तापलेला वास डोकं धरतो.

१६. रहाडीतून आलेला पुतण्या तसाच सीटवर बसला. रंग कसा काढू?

रहाड म्हणजे रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात तो हौद, त्यामुळे रंगपंचमीनंतरच्या आठवड्यात हे हमखास. रंग ओला असेल तर पांढऱ्या सुती फडक्याने टिपा, घासू नका. कोरडा असेल तर पाणी लागायच्या आधी व्हॅक्यूम करा. मग १ ला २० चा फेस, नुसता फेस, मऊ ब्रशने, टिपा, पुन्हा. प्रत्येक वेळी फडक्याची नवी बाजू घ्या. सीट भिजवू नका, आत वायरी आणि सेन्सर असतात, शिवाय ओला फोम कुबट वास धरतो. ब्लीच लावू नका, कापडाचा मूळ रंगच जाईल.

सीट बेल्टला रंग लागला असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबण, बस्स. ब्लीच आणि कडक क्लीनर पट्ट्याचे धागे कमकुवत करतात. तो पूर्ण बाहेर ओढून वाळवा, मगच आत सोडा. डाग राहिला तर राहू द्या.

१७. सिरॅमिक कोटिंग, मॅट रंग किंवा रॅप असेल तर?

कोटिंग म्हणजे रंगावर चढवलेला संरक्षक थर, त्याला हळदीची पट्टी पिवळी ठेवणारा शाम्पूच. कडक क्लीनरने कोटिंग एका दिवसात जात नाही, पण पाणी घरंगळणं कमी होतं. मॅट रंगाची गोष्ट नाजूक आहे, त्याला मेण नाही, पॉलिश नाही, जोराने घासणं नाही. तो एकदा चमकला की ती चमक पुन्हा मॅट करता येत नाही. रॅप म्हणजे रंगावर चिकटवलेली फिल्म, तिच्या कडांना सॉल्व्हंट लागू देऊ नका. हेच उच्च सुरक्षा नंबर प्लेटलाही लागू. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ती कंपनीतूनच येते, तिच्यावर परावर्तक फिल्म आणि होलोग्राम असतो. घासणी लावू नका.

१८. इंजिनवर मारून पाइपने धुवू का?

नको. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, सेन्सर यांत पाणी गेलं तर दुरुस्तीचा खर्च फार मोठा. इंजिन थंड असताना मिश्रणात ओला केलेला ब्रश प्लास्टिकच्या झाकणांवर फिरवा आणि ओल्या फडक्याने पुसा. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी वायरींच्या आसपास हातच घालू नका.

१९. दोन क्लीनर एकत्र केले तर जास्त जोर येतो का?

हे मनापासून सांगतो, कधीही करू नका. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही अ‍ॅसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनियाचं मिश्रणही विषारी वायू देतं. बंद पार्किंगमध्ये किंवा गाडीच्या आत हे जिवावर बेतू शकतं. डोळे-घसा चुरचुरला तर सगळं तिथेच टाकून मोकळ्या हवेत या, दम लागत असेल तर १०८ ला फोन करा. व्हिनेगर आणि खायचा सोडा धोकादायक नाही, पण ते एकमेकांना मारतात आणि हातात जवळपास खारट पाणीच उरतं.

रिकाम्या बिसलेरीच्या बाटलीत मिश्रण भरून ठेवू नका. घरात लहान मूल असो वा नसो, फवाऱ्याची बाटली घ्या आणि तिच्यावर नाव व प्रमाण लिहा.

२०. चुकून बोनेटवर क्लीनर वाळलंच. आता?

कोरडं पुसू नका. गाडी सावलीत घ्या, पत्रा थंड होऊ द्या आणि साध्या पाण्याने पाच-दहा मिनिटं सतत ओलं ठेवा, जुना सुती टॉवेल भिजवून अंथरला तर उत्तम. वाळलेलं अल्क पुन्हा विरघळलं की शाम्पूने धुवा. धुतल्यावर त्या जागेच्या शेवटच्या पाण्यात हळदीची पट्टी बुडवा. पिवळी राहिली तर अल्क निघालं. तांबूस झाली तर पुन्हा पाणी. एवढं करूनही रेघा दिसत असतील तर हाताने पॉलिश घासत बसू नका. रंगाची जाडी मोजायचं यंत्र ज्याच्याकडे आहे अशा पॉलिशवाल्याकडे न्या, आणि कुठलं क्लीनर होतं ते त्याला खरं सांगा. बाटलीच सोबत नेलीत तर आणखी बरं.